समुद्राची लुडबुड

नरकचतुर्दशीचा फराळ रंगात आला होता. पण माझा भाचा चकली हातात धरून नुसताच बसून होता.

"मामा, तीन महिन्यांचं काम पाण्यात गेलं!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मला तो वाक्प्रचार वाटला. पठ्ठ्याने तो अगदी शब्दशः वापरला होता!

तो भूभौतिकी शिकतो. कोयनेच्या परिसरात खड्डे खणून त्यांत विद्युतअग्रे पुरायची, शेजारी चुंबकमापक ठेवायचा आणि रात्रभर नोंदी घ्यायच्या, हा त्याचा उद्योग. आकाशातल्या विजा आणि सूर्याकडून येणारा कणांचा झोत यांमुळे पृथ्वीचे चुंबकत्व सदैव थरथरत असते. त्या थरथरीने जमिनीत बारीक विद्युतप्रवाह उठतात. जलद थरथर वरच्यावर विरते, संथ खोल उतरते. त्यावरून कोणत्या खोलीवरचा खडक वीज कितपत वाहू देतो ते कळते, आणि तेही न खणता!

कोयनेला याचे मोल मोठे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. धरणाचे पाणी खोल भेगांत मुरून धक्क्यांना निमित्त होते, असे अभ्यासक मानतात. आणि ओल्या भेगा वीज चांगली वाहू देतात. भाच्याच्या आलेखात पश्चिमेला नेमका तसाच पट्टा उमटला. स्वारी हरखली! गुरुजींनी आलेख पाहून एवढेच विचारले, "समुद्र धरलास का?"

आता समुद्र तिथून पन्नास-साठ किलोमीटरांवर आणि मध्ये सह्याद्री आडवा! पण खारे पाणी काळ्या कातळापेक्षा शेकडो पटींनी सहज वीज वाहू देते. प्रवाह तिकडे गर्दी करतात, किनाऱ्याच्या कडेने धावतात आणि त्यांचे चुंबकत्व दूरच्या यंत्राला जाणवते. पार्किन्सन या शास्त्रज्ञाने १९५९ साली ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवरून हे दाखवले. यंत्रे हळवी खरीच! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवावे लागले होते. ट्रामपासून पळता येते, समुद्रापासून कुठे पळणार? त्याची खोली नकाशावरून घेऊन गणितातच त्याला जागा द्यावी लागते. भाच्याने तशी ती दिली, आणि निम्मा पट्टा विरून गेला.

"आपलं नाशिक तरी सुटलं ना?" मी विचारले.

"सरळ रेषेत एकशे दहा किलोमीटर, मामा. लहर पुरेशी संथ असली तर इथंही समुद्र थोडाफार लागतोच."

मी हसलो, पण घास घशात अडकला. गेल्या सत्रात मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी सगळ्या वर्गादेखत आळशी म्हटले होते. वडील गावी अंथरुणाला खिळलेले, पोरगा रात्रपाळी करून सकाळी तासाला येतो, हे मागाहून कळले. मी आलेख तेवढा वाचला होता. समुद्र धरलाच नव्हता.

"उरलेला निम्मा तरी खराच आहे ना?" मी भाच्याला म्हटले. "मग तोच लिही."

त्याने चकली मोडली. सुट्टी संपली की त्या मुलाला बोलावून घ्यायचे आहे. माझेही एक गणित पुन्हा मांडायचे राहिले आहे.