केराला मोल नसलेला कोपरा

मुलांची खोली थोडक्या पैशांत कशी सजवावी, असे कोणी विचारले की मला आधी उलट विचारावेसे वाटते, "खोली आहे का?" हल्लीच्या जाहिरातींत मुलांच्या खोलीची जी चित्रे असतात, त्यांत मोटारीच्या आकाराचा पलंग असतो, छताला कापसाचे ढग टांगलेले असतात, भिंतीवर अख्खे जंगल छापलेले असते आणि केर कुठेच नसतो. मूलही बहुधा नसते. असलेच तर इस्त्री करून उभे केल्यासारखे दिसते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ह्याच्या नेमके उलटे असते. मूल असते, केर असतो आणि खोली तेवढी नसते.

ह्या बाबतीत जिथून काही शिकावे असे मला वाटत नव्हते, असे एक गाव म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी. चंदेरी नगरी म्हणून हुपरीची ख्याती आहे. पैंजण, तोडे, जोडवी, करदोडे, बाळाचे वाळे ही इथली पिके. एखाद्या मोठ्या गिरणीत हा माल तयार होतो अशी कल्पना करून कोणी गेला, तर त्याला गिरणी दिसायची नाही, घरे दिसतील. चांदी वितळवणे, तिची तार ओढणे, कड्या जोडणे, घुंगरू बसवणे, डाग देणे, उजळणे अशी कामे वाटलेली असतात आणि त्यांतली पुष्कळशी घरोघरी चालतात. सोप्यात एक काम, माडीवर दुसरे, परसात तिसरे. घराची प्रत्येक फरशी काही ना काही मिळवत असते.

इतकी, की फरशीवरचा केरसुद्धा मिळवता असतो. सोन्याचांदीचे काम चालते त्या जागी झाडलेला केर कोणी उकिरड्यावर टाकत नाही. कानसलेल्या चांदीचा कीस, तारेचे तुकडे, डाग देताना उडालेले कण हे सारे त्यात असते. हा केर राखून ठेवायचा, मग धुऊन, गाळून त्यातला धातू परत मिळवायचा, ही जुनी विद्या आहे. ती करणाऱ्यांना आपल्या भाषेत झारेकरी हा स्वतंत्र शब्द आहे. जिथे केराला भाव आहे, तिथे मुलाने सांडणे, उधळणे, पसरणे हा पोरखेळ राहात नाही. तो तोटा होतो.

माझी धाकटी बहीण ह्या गावात दिलेली आहे. तिची दोन मुले, मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा. सोप्याच्या एका टोकाला आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद असा कोपरा आहे, तो मुलांना खेळायला द्यावा असा विषय तिने काढला. दाजी सरळ माणूस, पण धंद्याचा. ते म्हणाले, "पाव्हणं, ह्या कोपऱ्यात दोन बाया घुंगरू बशिवत्यात. पोरं खेळून मला काय देणार?" त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. चांदीचा भाव आज एक तर उद्या दुसरा. अशा धंद्यात जागा रिकामी ठेवणे चैनीचेच.

पण बहिणीच्या मनात निराळेच होते. ते तिने मला स्वयंपाकघरात सांगितले. "दादा, पोरीचा हात बारीक कामाला चांगला आहे म्हणून सगळे तिचं कौतुक करतात. शाळेतनं आली की 'एवढे चार घुंगरू लाव गं' म्हणून हाक येते. चाराचे चाळीस कधी होतात कळत नाही. तिला कुणीही हाक मारू नये, एवढी जागा मला पाहिजे."

खोली सजवण्याच्या प्रश्नाचा गाभा मला ह्या वाक्यात सापडला. 2016 साली बालकामगारांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्याची बंदी आहे. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, काम धोक्याचे नसेल तर, घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. हातभार कुठे संपतो आणि मजुरी कुठे सुरू होते, ही रेघ प्रत्येक घरात जाऊन सरकारला मारता येत नाही. ती घरातल्या मोठ्यांनीच मारायची असते. बहिणीला ती फरशीवर मारून हवी होती.

जगातल्या नामांकित बालगृहांच्या मुळाशी अशीच अडचण दिसते. 1907 साली रोममध्ये सान लोरेंझो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले जिने आणि भिंती खराब करीत, म्हणून चाळमालकांनीच एक खोली काढून दिली होती. तिथे मुलांच्या उंचीची टेबले, खुर्च्या आणि हाताला येतील अशी कपाटे आली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने, माती ही साधने झाली. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. 1975 साली देशाने एकात्मिक बालविकास योजना हाती घेतली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. देशभर पोचलेल्या ह्या कामाची सुरुवात भाड्याच्या दालनातून झालेली नाही. अंगणातल्या सारवलेल्या जागेतून झाली.

हुपरीच्या कोपऱ्याला दाजींची संमती मिळाली ती त्यांच्या आईमुळे. म्हातारी एवढेच म्हणाली, "खेळू दे की रं. तू ल्हान हुतास तवा माझ्या चुलीतली राख घरभर करत हुतास." ह्या पुराव्यापुढे दाजींचे काही चालले नाही. घुंगरूवाल्या बाया माडीवर गेल्या.

आता खर्चाचे सांगतो, कारण वाचक त्याचीच वाट पाहात असतील. भिंतीला चुना दिला. तो अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक घातला. दोन्ही मिळून 150 रुपये. गेरू आणि पिवडी 80 रुपयांची. मुलांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, त्याची डबी 220 रुपयांची. फळांची तीन लाकडी खोकी 50 रुपयांना एक, म्हणजे 150. दोरी, खिळे, पॉलिशकागद 60. खडू 40. एकूण 700 रुपये. खोकी घासून गुळगुळीत केली. आडवी ठेवली की कपाट, उपडी घातली की टेबल आणि एकापुढे एक लावली की कोल्हापूरची गाडी. जुन्या नऊवारीचा तंबू झाला. इचलकरंजी जवळच आहे. तिथे 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि आज गल्लीगल्लीत खटखट चालते. तिथून मोडक्या कांड्यांची एक पिशवी फुकट मिळाली. ह्या कांड्या कधी सैनिक असतात, कधी ऊस, कधी गिऱ्हाईक.

भिंतीवरचे जंगल छापील आणले नाही. गेरूत बोटे बुडवून मुलांनीच काढले. त्यात वाघाला सहा पाय आहेत. मी विचारले तेव्हा भाच्याने सांगितले, "मामा, तो पळतोय." चित्रकलेच्या शिक्षकाला पटो न पटो, मला पटले.

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली. डाग देण्याची ज्योत आणि आम्लाच्या बरण्या आहेत त्या खोलीला वर कडी बसवली. घुंगरू, मणी, खडे असे तोंडात जाण्याजोगे काही कोपऱ्यात ठेवायचे नाही, कारण शेजारचे रांगते मूलही तिथे येते. आणि चुना देताना मुलांना दूर ठेवायचे. ओला चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. तो पुरता वाळल्यावरच त्यांना आत सोडायचे. सजावटीत काटकसर करावी, पण सावधगिरीत करू नये.

खेळाच्या जागेबद्दल डेन्मार्कमधली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. सोरेनसेन नावाचे एक उद्यानरचनाकार होते. आपण आखलेल्या सुंदर क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या राडारोड्यातच अधिक रमतात, हे त्यांनी पाहिले होते. 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्द्रुपला त्यांच्या कल्पनेतून फळकुटे, विटा, दोऱ्या आणि मोडके सामान ह्यांचे क्रीडांगण उभे राहिले. युद्धानंतर ही कल्पना इंग्लंडात आणि पुढे इतर देशांत पसरली.

आपल्याला तिचे नवल वाटायचे कारण नाही. दर दिवाळीला आपल्या अंगणात तेच चालते. दगड, विटा, फाटकी पोती, चिखल आणि वर पेरलेली मोहरी, की झाला किल्ला. आमच्या भागातला किल्ला बहुधा पन्हाळा असतो, कारण 1660 सालचा तो वेढा आणि ती रात्र इथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. ह्या किल्ल्यासाठी मोठी माणसे काय देतात? चार हात जागा आणि चिखल करायची परवानगी. बाकी सारे मुलांचे. दिवाळी सरली की किल्ला ढासळतो आणि त्याचे दुःखही फारसे कोणाला होत नाही, कारण पुढच्या वर्षी तो पुन्हा बांधायचा असतो. मुलांच्या खोलीची हीच कसोटी मी धरतो. मुलांना मोडता येत नाही आणि पुन्हा मांडता येत नाही अशी सजावट मोठ्यांच्या हौसेची, मुलांच्या उपयोगाची नव्हे.

शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आठ फूट कुठून आणायचे, असे कोणी म्हणेल. पलंगाखालची जागा, दारामागचा कोन, गॅलरीचे एक टोक, ह्यांतले काहीही चालेल. फक्त एकदा दिल्यावर तिथे शिकवणीचे दप्तर, पाहुण्यांच्या गाद्या किंवा 'जरा इकडे ये गं'ची हाक पोचता कामा नये. खरा खर्च 700 रुपयांचा नाहीच. आपल्या कामाची जागा आणि आपल्या हाकेचा हक्क सोडण्याचा खर्च मोठा आहे, आणि तो बाजारात जाऊन भागवता येत नाही.

हुपरीच्या त्या घरात संध्याकाळी दोन केरसुण्या फिरतात. सोप्यातला केर जपून डब्यात जातो. कोपऱ्यातल्या केरात खडूची भुकटी, गेरू, कागदाचे कपटे आणि सध्या किल्ल्याची माती असते. तो परसात टाकतात. भाची आता 'एवढे चार घुंगरू' लावायला सुट्टीच्या दिवशी, आपण होऊन बसते, आणि कंटाळली की उठून कोपऱ्यात जाते. तिथे तिला कोणी हाक मारत नाही.