सावधगिरीचे ओझे कोणी वाहावे?

मोबाइल फोनवरून एखाद्याची फसवणूक झाली की पहिला ठपका त्याच्याच माथी येतो. पिन टाकलाच कशाला, बटण दाबलेच कशाला, असे सारे जण विचारतात. लोक बेसावध आहेत, हा निष्कर्ष जणू आधीच ठरलेला असतो. माणूस बेसावध का होतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

यूपीआयमधील ‘कलेक्ट रिक्वेस्ट’चे उदाहरण घ्यावे. जुने कपाट विकू पाहणाऱ्या माणसाला ठक पैसे पाठविण्याऐवजी पैशांची मागणी पाठवीत असे. पडद्यावर रक्कम दिसे, पिन मागितला जाई आणि पैसे आपल्या खात्यात येत आहेत या समजुतीने तो पिन टाकी. पिन केवळ पैसे देण्यासाठी असतो, असे बँका बजावीत; परंतु खात्यातील शिल्लक पाहण्यासाठीही तोच पिन लागतो. एकाच खुणेचे दोन अर्थ रचनेनेच करून ठेवल्यावर तिसरा अर्थ लावणाऱ्याला अडाणी कसे म्हणावे? अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय बंद केली. ठकांच्या साऱ्या वाटा त्याने संपल्या नाहीत हे खरे. पण उपदेशाने न बुजलेली एक वाट रचना बदलताच बुजली.

पासवर्डची कथाही हीच. दर काही महिन्यांनी तो बदलण्याची सक्ती झाली, तेव्हा कर्मचारी शेवटचा आकडा तेवढा बदलू लागले किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवू लागले. ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसे या संशोधकांनी १९९९ सालीच दाखवून दिले होते की, असे वर्तन बेफिकिरीतून नव्हे, तर माणसाच्या कामाशी आणि स्मरणशक्तीशी न जुळणाऱ्या यंत्रणेतून उपजते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने मुदतीच्या सक्तीला नकार दिला तो २०१७ साली.

मग सदोष रचना इतकी टिकते कशी? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. रचना करणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा असेल, तर रचना सुधारण्याची निकड कोणालाच भासत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळविले जाईपर्यंत, ग्राहकाच्याच पदरात टाकले. ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पाठवायला लावलेली ८५ हजार पौंडांपर्यंतची रक्कम, काही अपवाद वगळता, पैसे पाठविणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मी-निम्मी सोसावी असा नियम झाला. नुकसान तिजोरीला भिडले की रचनेतील दोष दिसू लागतात.

सावध राहणे हे नागरिकाचे कर्तव्य आहेच. परंतु ज्या यंत्रणेत दिवसभर राबून थकलेल्या माणसाचा एक चुकीचा स्पर्श त्याची आयुष्याची पुंजी गमावतो, तिथे दोष त्या बोटाचा नव्हे. हलगर्जी ठरवायचीच असेल, तर ती आधी रचनेची तपासावी, ग्राहकाची मागाहून.