रोपांचे इरले

हरितगृह म्हटले की डोळ्यांपुढे काचेचे चकचकीत घर उभे राहते. ही कल्पना थंड मुलखातली. बाहेर बर्फ, म्हणून आत ऊब कोंडून ठेवायची. कर्जत-खालापूरच्या माणसाला उबेचे काय कौतुक? एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. इथल्या परसबागेचा वैरी पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैच्या सरींत कोथिंबीर मुळाशी कुजते, टोमॅटोची फुले झडतात, मिरचीची रोपे मान टाकतात.

तेव्हा माझे म्हणणे असे, की आपल्या परसात काचघर नको, छप्पर हवे. वरून बंद, बाजूंनी मोकळे. डोक्यावर इरले घेऊन भातलावणी केलेल्या मुलखाला यात नवे काही नाही. हे रोपांचे इरले.

पावसाळ्यात शेवळं, टाकळा, भारंगी घेऊन ठाकर-कातकरी बायका बाजारात बसतात, आणि त्या भाज्यांना तोड नाही. पण रोजच्या आमटीतली कोथिंबीर आणि टोमॅटो येतो तो बराचसा घाटावरून. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोमागे शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा घरोघरच्या गृहिणींनी आमसुलावर भागवले. परसात दहा-बारा झाडे तगली असती, तर निदान घरापुरती चिंता नव्हती.

आता सामान. जुन्या घरांच्या खिडक्यांची तावदाने भंगारात स्वस्त दिसतात आणि मोह होतो. तो आवरावा. काचेखाली रोपे भाजतात, आणि वाऱ्यात काच निखळली तर पोराबाळांच्या अंगावर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात पत्रे कसे उडाले ते आपण पाहिले आहे. सांगाड्याला बांबू उत्तम. जमिनीत जाणाऱ्या टोकाला गाडीचे जळके ऑइल फासले की वाळवी लवकर लागत नाही. निवडणुकीनंतर फ्लेक्स फुकट मिळतात, पण छपराला कुचकामी, कारण त्यांतून पुरेसा उजेड येत नाही. पुढाऱ्यांना पश्चिमेच्या बाजूला उभे करून झड अडवून घ्यावी. तेवढी जनसेवा त्यांच्याकडून जरूर घ्यावी!

छपराला साधे प्लास्टिक घेऊ नये. उन्हाने ते एक-दोन हंगामांत कडक होऊन फाटते. पॉलिहाउसचा कागद सहसा २०० मायक्रॉनचा आणि उन्हाला टिकेल असा बनवलेला असतो. नवा घेणे परवडत नसेल, तर बोरघाट चढून मावळात चौकशी करावी. तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाउस आहेत, आणि असा कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो. धूळ बसून, जुना होऊन तो उजेड अडवू लागतो. गुलाबाला न चालणारा हा कागद साबणाच्या पाण्याने धुतला की आपल्या कोथिंबिरीला चालतो. एखाद्या बचत गटाने टेम्पोभर खाली आणला, तर सबंध वाडीला पुरेल.

राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून २००५ पासून हरितगृहांना अनुदान मिळत आले आहे. ते बाजारासाठी पिकवणाऱ्याला, आणि ते रास्तच. परसातल्या छपराला अनुदानापेक्षा डोळ्यांसमोर एक नमुना हवा. कर्जतच्या संशोधन केंद्राने गावाच्या नावाने भाताच्या जाती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवल्या. त्याच्या, नाहीतर एखाद्या शाळेच्या आवारात असे एक बांबूचे छप्पर उभे राहिले, तर येणारे-जाणारे बघून शिकतील.

उभारताना उतार चांगला तीव्र ठेवावा. नाहीतर पाणी साचून कागदाची झोळी होते आणि सारे खाली येते. वाफे वीतभर उंच, भोवती चर. उघड्या बाजूंना जुनी मच्छरदाणी लावावी. कागद सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधावा. सुतळी वाऱ्यात कागद कापते. दसऱ्यानंतर तो उतरवून, घडी करून माळ्यावर ठेवावा, उंदरांपासून जपून, आणि रिकाम्या सांगाड्यावर घेवड्याचा वेल सोडावा.