घर भाड्याचे, अंतर पावलांचे

अहिल्यानगरच्या कापड बाजार परिसरातील एखादा जुना वाडा पुनर्बांधणीसाठी उतरवायचा ठरला, की व्यापारी कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : दोन वर्षे राहायचे कोठे? मुलाची ओढ सावेडीकडे असते. तिकडे लिफ्ट आहे, गाडी लावण्यास जागा आहे. वडिलांना दुकानाजवळचे जुने घरच बरे वाटते. आजी मात्र काही बोलत नाही. तिचे स्थानक वाड्यापासून चार पावलांवर असते आणि ती चार पावले कोणाच्याच हिशेबात आलेली नसतात.

भाडे कमी की जास्त, हा हिशेब सोपा आहे. अंतराचा हिशेब कठीण. दुकान वाढवून सूर्यास्तापूर्वी जेवणाला घरी पोहोचता येईल काय? चातुर्मासात आजी प्रवचनाला स्वतःच्या पायांनी जाऊ शकेल काय, की रोज कोणाची तरी वाट पाहील? जी वृद्ध व्यक्ती वाट पाहू लागते, ती हळूहळू जाणेच सोडते. म्हणून विसार देण्यापूर्वी एकदा सकाळी आणि एकदा सायंकाळी आजीला सोबत घेऊन तो रस्ता चालून पाहावा. पाणी किती वाजता येते, जिन्याला कठडा आहे काय, हेही त्याच फेरीत कळते.

घर ठरल्यावर कागद पक्का करावा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. खर्चही फार नाही. समजा, भाडे दरमहा 12,000 रुपये, अनामत 50,000 रुपये आणि मुदत 24 महिने. एकूण भाडे 2,88,000 रुपये. अनामतीवर वार्षिक 10 टक्के दराने धरलेले दोन वर्षांचे व्याज 10,000 रुपये. या 2,98,000 रुपयांवर पाव टक्का, म्हणजे 745 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी शुल्क वेगळे. एवढ्यासाठी ओळखीच्या भरवशावर राहून पुढे संबंध बिघडवू नयेत.

परक्याच्या घरात राहावे कसे, याचा धडा आपल्या साधू-साध्वींनी घालून दिलेला आहे. मालकाच्या आज्ञेवाचून ते कोठेही मुक्काम करीत नाहीत. जागा देणारा तो ‘शय्यातर’. त्याच्या घरचा आहार ते घेत नाहीत. ज्याने आसरा दिला, त्याच्यावर आणखी भार नको, हा त्यामागील विवेक. विहार करताना घेतलेली वस्तू जशीच्या तशी परत केली जाते.

गृहस्थाला एवढे साधणार नाही. पण भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी विचारावे, भाडे तारखेला द्यावे आणि किल्ली परत करताना घर घेतले त्याहून स्वच्छ असावे, एवढे तर साधेल. आणि घर निवडताना सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचे मत सर्वांत आधी विचारावे.