थंड धुराचा उपद्रव

न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतच विद्यार्थ्यास धूम आणि अग्नि ही जोडी भेटते. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हें सर्वांस ठाऊक असतें; पण त्याची उलट बाजू पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें नैयायिक म्हणूं देत नाहींत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. अग्नीबरोबर धूर यावयाचा तर ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि या मधल्या अटीस त्यांनीं ‘उपाधि’ असें नांव दिलें. मोटारींच्या धुराविषयीं सध्यां घरोघर जी चर्चा चालते तींत हा उपाधीचा विचारच सुटलेला असतो, असें आमचें मत आहे. ‘डिझेल म्हटलें कीं धूर’ एवढें बोलून लोक मोकळे होतात.

या विषयाकडे वळण्याचें निमित्त वाचकांच्या पत्रांनीं दिलें. तक्रार बहुतेक एकच. घरीं डिझेलची नवी गाडी आहे. तिचें काम म्हणजे मुलांस शाळेंत पोंचविणें, मंडई, देऊळ आणि फार तर स्टेशन. गाडी जपून, सावकाश चालवितात. तरी समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागतो आणि गाडीची शक्ति मंदावते. कारागिराकडे नेली तर तो सांगतो, ‘धुराची गाळणी काढून टाका, पुन्हां त्रास नाहीं.’ ज्या घरांत दम्यानें खोकणारे आजोबा आणि रांगतें मूल एकाच ओसरीवर असतात, व गाडीहि त्याच ओसरीपुढें उभी राहते, त्या घरानें हा सल्ला मानावा काय? मानूं नये. परंतु नुसतें ‘मानूं नये’ म्हणून भागत नाहीं. कारण कळलें पाहिजे.

पेट्रोलचें इंजिन आणि डिझेलचें इंजिन यांच्या श्वास घेण्याच्या रीतींत मूळचाच भेद आहे. पेट्रोलच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर एक झडप असते. पायाखालची कळ दाबली कीं ती उघडते, सोडली कीं मिटते. जितकी हवा आंत येईल तितक्याच हिशेबानें पेट्रोल मिळतें, वजनानें एका भागास सुमारें १४.७ भाग हवा. काम थोडें असो वा फार, हें प्रमाण साधारण तेंच राहतें. म्हणून अशा इंजिनाचा निःश्वास नेहमींच पुष्कळ गरम असतो. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील औग्सबुर्ग येथें जें इंजिन चालवून दाखविलें, त्याची रीत निराळी. तें प्रत्येक वेळीं छातीभर हवा घेतें, ती दाबून इतकी तापवितें कीं आंत उडविलेलें तेल ठिणगीवांचून पेटतें, आणि काम कमीअधिक करावयाचें झाल्यास हवा न बदलतां केवळ तेल कमीअधिक करतें. पूर्ण ओझ्यावर एका भाग तेलास २०-२५ भाग हवा असली, तर गाडी उभी असून इंजिन नुसतें गुरगुरत असतां तीच ६०-७० भागांवर आणि त्याहूनहि वर जाते. डिझेलचें इंजिन काटकसरी असतें त्याचें एक कारण हेंच. पण थेंबभर तेलाची उष्णता एवढ्या हवेंत वांटली गेल्यावर बाहेर पडणारा वायु थंड असावयाचाच. चढावर जो ५०० अंशांच्या आसपास असतो, तोच सिग्नलपाशीं १५० अंशांवर किंवा त्याच्याहि खालीं येतो. (अंश येथें व पुढें सेल्सियसचे समजावे.)

हा थंडपणा नडतो कां? १ एप्रिल २०२० पासून भारतांत नव्या गाड्यांस ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू आहेत. त्यांनीं डिझेल मोटारीच्या धुरांतील नत्रवायूच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागें ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर, आणि काजळीच्या कणांची २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आणली. (अशा परीक्षा जेथें होतात त्यांपैकीं ए. आर. ए. आय. ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था पुण्यासच वेताळ टेकडीवर आहे.) इतकें शुद्धीकरण इंजिनाच्या पोटांत होत नाहीं, तें बाहेर, धुराच्या नळींत, करावें लागतें. तेथें प्रथम प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप दिलेला उत्प्रेरक असतो. तो अर्धवट जळलेले वायु पुरते जाळतो. मग ती गाळणी. ती मधाच्या पोळ्यासारखी, भट्टींत भाजलेल्या मातीच्या जातीची, हजारों बारीक नळ्यांची असते. एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून, त्यामुळें वायूला भिंतींतून झिरपूनच जावें लागतें आणि काजळी मागें राहते. कांहीं गाड्यांत आणखी एक टाकी असते. तींत शुद्ध पाण्यांत शेंकडा ३२.५ युरिया विरघळविलेला असतो. तो गरम धुरांत उडविला कीं त्यापासून अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकाच्या सान्निध्यांत अमोनिया त्या ऑक्साइडांस फोडून साधा नत्रवायु व पाणी करून सोडतो. हा युरिया शेतांत टाकावयाचा नव्हे. खताचें पोतें आणून घरीं द्रावण करणारे शहाणे असतात. खतांतील इतर पदार्थांनीं उत्प्रेरकाचा नाश होतो.

हीं सर्व साधनें तव्यासारखीं आहेत, तापल्याखेरीज कामाचीं नाहींत. उत्प्रेरक सुमारें २०० अंशांवर जागा होऊं लागतो. युरिया १८०-२०० अंशांखालीं नीट फुटत नाहीं, उलट नळींत त्याचे पांढरे खडे जमतात. गाळणींतली काजळी केवळ प्राणवायूनें जाळावयाची तर ५५० ते ६०० अंश लागतात. २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्यानें ती हळूहळू जळते. पण तेवढी उष्णताहि पेठांतल्या गल्ल्यांतून दहा मिनिटें फिरणाऱ्या गाडीस लाभत नाहीं. म्हणजे जपून, थोडी थोडी चालविलेली गाडीच अधिक तुंबते. येथें उपाधि ओल्या इंधनाची नाहीं, कोमट नळीची आहे.

मग निःश्वास तापवावा कसा? इंजिनियरांनीं याची किल्ली हवेंत शोधली. ज्या आंचेवर बंबांतील दहा घागरी पाणी कोमट होतें, त्याच आंचेवर पांच घागरी कढत होतात. डिझेलच्या इंजिनास हवेच्या वाटेवर झडपेची मुळांत गरज नव्हती. तेथें आतां ती मुद्दाम बसवितात आणि हलक्या कामाच्या वेळीं अर्धवट मिटतात. तेल जवळजवळ तेवढेंच, हवा कमी. सहजच बाहेर पडणाऱ्या वायूचा ताव चढतो. शिवाय तेल उडविण्याची वेळ किंचित् लांबवितात, म्हणजे ज्वलनाची उष्णता दट्ट्यास ढकलण्यांत खर्च न होतां नळीकडे जाते. आणि गाळणी साफ करावयाची असेल तेव्हां दट्ट्याचें काम संपत आल्यावर आणखी थोडें तेल आंत सोडतात, तें उत्प्रेरकावर जाऊन जळतें. मोठ्या इंजिनांत कांहीं नळकांडीं तात्पुरतीं विसांव्यास पाठवून उरलेल्यांवर सर्व भार टाकण्याचीहि युक्ति आहे. फुकट यांतलें कांहींच नाहीं. तेल अधिक जळतें. मिटलेल्या झडपेंतून हवा ओढून घेण्यासहि इंजिनास श्रम पडतात. आणि हवा फाजील तोडली तर पुन्हां काजळीच वाढते, राखेनें कोंदलेल्या चुलीसारखी.

येथें एका गोंधळाचा संभव आहे. नत्रवायूचीं ऑक्साइडें ज्वालेच्या अतिशय उष्णतेमुळें उत्पन्न होतात; हवेंतील नत्रवायु आणि प्राणवायु एरवीं एकमेकांच्या वाटेस जात नाहींत. तेव्हां इंजिनाच्या आंत ज्वाला सौम्य हवी आणि बाहेर नळी गरम हवी, अशी ही दुहेरी मागणी आहे. आंतील ज्वाला सौम्य करण्यासाठीं बाहेर पडलेल्या वायूचाच कांहीं भाग निववून ताज्या हवेंत मिसळतात. एकदां जळून गेलेला हा वायु ज्वालेला प्राणवायु कमी मिळूं देतो व तिचा ताव उतरवितो. त्याचा अतिरेक झाला कीं काजळी वाढते, आणि गाळणी लौकर भरते. २०१५ सालीं फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांचें जें प्रकरण अमेरिकेंत उघडकीस आलें, तेंहि नत्रवायूच्या ऑक्साइडांचेंच. परीक्षा चालू आहे असें गाडींतील गणकयंत्रानें ओळखलें कीं शुद्धीकरण पुरें, आणि रस्त्यावर आलें कीं तें ढिलें. मास्तरांच्या पावलांचा आवाज ऐकून पुस्तक उघडणारे विद्यार्थी आम्हीं जन्मभर पाहिले. यंत्रास ती विद्या शिकविणारे गुरु निघतील असें मात्र वाटलें नव्हतें.

घाटाचें उदाहरण घेतलें म्हणजे हवा आणि उष्णता यांचा संबंध डोळ्यांपुढें उभा राहील. खोपोलीकडून खंडाळ्याकडे भरलेली गाडी चढूं लागली कीं तेल भरपूर जळतें, निःश्वास तापतो, आणि शहरांत सांचलेली काजळी वाटेंतच बरीचशी जळूं लागते. तीच गाडी उलट उतरतांना चालक कळ सोडून इंजिनाच्या रोधावर ती आवरतो, आणि तें योग्यच आहे. त्या वेळीं तेल मुळींच पडत नाहीं, पण इंजिन फिरतच असतें, आणि बाहेरची गार हवा ओढून थेट उत्प्रेरकावर सोडतें. तापल्या तव्यावर कोणीं पंख्यानें वारा घालावा तसें. म्हणून उतारावर हवेची झडप मिटून घेण्याची योजना कित्येक गाड्यांत असते.

याहून घातक प्रसंग निराळाच. गाळणींत काजळी पुष्कळ सांठली आहे, ती पेटली आहे, आणि त्याच क्षणीं चालकानें गाडी थांबवून इंजिन नुसतें चालूं ठेवलें. तेल थोडें झाल्यामुळें वायूंत प्राणवायु वाढला. उष्णता वाहून नेणारा प्रवाह मात्र मंदावला. काजळी भडकते, आणि गाळणी तडकते किंवा वितळते. नवी गाळणी किती महाग पडते हें ज्यांनीं विचारलें असेल त्यांस अधिक सांगणें नको.

तेव्हां पिवळा दिवा लागला तर गाडी हमरस्त्यावर नेऊन, तिच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या वेगानें पंधरावीस मिनिटें अखंड चालवावी. सफाई चालू असतां इंजिनाची गति थोडी चढलेली, पंखा मोठ्यानें फिरत असलेला आणि नळीपाशीं उग्र वास, असा अनुभव येतो. त्या वेळीं शक्यतों इंजिन बंद करूं नये, आणि वाळलेल्या गवतावर तर गाडी उभी करूंच नये. सफाई वरचेवर अर्धवट राहिली तर जादा सोडलेलें तेल नळकांड्याच्या भिंतीवरून वंगणांत उतरतें; काडीवर वंगणाची पातळी वाढलेली दिसल्यास तो लाभ समजूं नये, वंगण बदलावें. सकाळीं ओसरीपुढें गाडी दहा मिनिटें चालूं ठेवून ‘तापविण्याची’ चाल सर्वस्वीं टाकावी. उभ्या इंजिनानें नळी तापत नाहीं, आणि तोंवरचा सर्व अशुद्ध धूर घरांत येतो. पेट्रोलच्या गाडीसहि हें लागू आहे. तिचा उत्प्रेरकहि पहिलीं कांहीं मिनिटें झोंपलेलाच असतो. गाडी सुरू करावी आणि हलक्या पायानें निघावें.

गाळणी काढणाराचा दिवा खरोखरच विझतो, कारण गणकयंत्रास खोटें सांगितलेलें असतें. काजळी होती तेवढीच राहते. पूर्वीं ती गाळणींत होती, आतां आजोबांच्या छातींत जाते. शिवाय हें कृत्य कायद्यानेंहि निषिद्ध आहे. आणि ज्यांच्या सर्व फेऱ्या पांच-सहा किलोमीटरांच्या आंतच असतात, त्यांनीं डिझेलची गाडी घेऊंच नये हें आम्ही स्पष्ट सांगतों, मग विक्रेता कांहींहि म्हणो.

सहनिवासांतील वीजयंत्राचीहि हीच कथा आहे. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या यंत्रांस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. जुनीं यंत्रें मात्र जेथल्या तेथें आहेत. सोसायटीची मंडळी पुढचा विचार करून मोठें यंत्र घेतात आणि त्यावर जिन्यांतले चार दिवे चालवितात. पैलवानाकडून पंखा घालून घ्यावा असा हा प्रकार. अशा यंत्राचा धूर कधींच तापत नाहीं, न जळलेलें तेल धुराड्यांत काळ्या चिकट थेंबांनीं ओघळूं लागतें, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांस डोळे चोळीत बसावें लागतें. यंत्राच्या शक्तीच्या शेंकडा ३० हून कमी भारावर तें फार वेळ चालूं देऊं नये. दर आठवड्यास पांच मिनिटें रिकामें चालवून पाहण्याची जी पद्धति आहे, तिच्याऐवजीं महिन्यांतून एकदां अर्धा तास, लिफ्ट व पाण्याचे पंप जोडून चालवावें, आणि तेंहि मुलें खालीं खेळत नसतील अशा वेळीं.