विचारून केलेली माया

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. तिचा मुलगा शिकायला अमेरिकेला निघालाय. "मावशी, तू दोनदा राहून आलीस, त्याला चार शब्द सांग. तिथली माणसं फार कोरडी असतात म्हणे." फोनवर मी काहीतरी तुटक बोलले. नंतर वाटलं, हे नीट लिहूनच काढावं.

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, मराठी घेऊन बी.ए. सांगलीच्या शाळेत ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. इंग्रजी कामापुरतं. आणि मी पाहिलेली अमेरिका म्हणजे न्यू जर्सीत एडिसनजवळ लेक राहते ती गल्ली, तीही दोन वेळा सहा-सहा महिने. एवढ्यावर अख्ख्या देशाचा निकाल लावायचा नसतो. पण "कोरडी माणसं" या एका शब्दाबद्दल माझं मत बदललं, ते का बदललं एवढंच सांगते.

२०११ साली पहिल्यांदा गेले तेव्हा हाच शब्द मीही बरोबर नेला होता. लेकीच्या शेजारच्या घरात ७८ वर्षांच्या एक बाई एकट्या राहत. तीन मुलं, तिघंही दुसऱ्या राज्यांत. "अरेरे" म्हणून मी मोकळी झाले. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?" मला हसूच आलं. आयुष्यभर लोकांनी मला न विचारता बाई, काकू, वहिनी, मावशी म्हटलं. मी माझं नाव सांगितलं आणि त्या नुसत्या नावाने हाक मारू लागल्या. ते मात्र मला टोचलं. पुढे नातवाच्या शाळेत गेले तर तिथे मुलं शिक्षिकेला आडनावाने, "मिसेस" लावूनच बोलवत होती. म्हणजे आदर तिथेही आहे, फक्त आपण शोधतो त्या जागी नाही. आपला आदर "अहो"मध्ये असतो. त्या बाईंचा आदर विचारण्यात होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मग आमच्या आग्रहाचा किस्सा. बाईंना जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी केली होती. त्या म्हणाल्या, "पुरे." मी आणखी दोन पुऱ्या वाढल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या. नंतर लेक स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, त्या पुरे म्हणाल्या म्हणजे पुरेच होतं." आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. "कॉफी घेणार?" आपल्या रीतीप्रमाणे मी "नको नको" म्हटलं आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसले. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही! घरी येऊन स्वतःच चहा टाकला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक दिवस मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना विचारलं, "तुमची मुलं तुम्हाला त्यांच्याकडे ठेवत नाहीत का?" त्यांचा चेहरा बदलला. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी विचारलं होतं. मीच नाही म्हटलं." मी मनात म्हटलं, मुलांची बाजू सावरून घेतेय म्हातारी. आणि तसंच मनात ठेवून सांगलीला परत आले.

दुसऱ्यांदा गेले ती २०१५-१६ची थंडी. २३ जानेवारी २०१६ला तिकडे मोठं हिमवादळ झालं. लेकीच्या गावात आपल्या घरासमोरच्या पदपथावरचं बर्फ ज्याचं त्यानेच काढायचं, असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो समोरच्या घरातले गृहस्थ मशीन घेऊन बाईंच्या दारातलं बर्फ काढतायत. त्यांचं बाईंशी फारसं बोलणंही नव्हतं. ते झाल्यावर आमच्याही दारातलं काढलं. मी चहा टाकेपर्यंत ते हात हलवून निघून गेले. आता याला कोरडं कसं म्हणायचं?

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. महिन्याभराने एका सकाळी बाईंच्या खिडकीचा पडदा उघडलेला दिसला नाही. मी लेकीला म्हटलं, "जा, दार वाजवून ये." ती म्हणाली, "आई, इथे असं न विचारता जात नाहीत. दुपारी फोन करून बघते." दुपारी फोन कुणी उचलला नाही, तेव्हा ती धावली. ९११ला फोन करून माणसं बोलावली, दार उघडलं. बाई रात्रीपासून न्हाणीघरात पडून होत्या. मनगट मोडलं होतं. जीव वाचला, पण ते तास काही परत मिळत नाहीत. मी लेकीला नको ते बोलले. "एवढं शिकलीस आणि शेजारधर्म विसरलीस." दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

त्या दिवशी दार वाजवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. विचारून वागायची रीत चांगलीच, पण उत्तर द्यायला समोरचं माणूस शुद्धीवर असावं लागतं.

हाताला प्लॅस्टर घालून बाई घरी आल्या आणि त्यांनी स्वतःच तोडगा काढला. एका कागदावर लिहून आणलं : सकाळी आठपर्यंत पडदा उघडा नसेल तर फोन करायचा, फोन उचलला नाही तर ही किल्ली. आधी मला वाटलं, हे काय, मायेचं वेळापत्रक! मग लक्षात आलं, लेकीला त्यांच्याबद्दल माया होतीच, आत जायची वाट तेवढी नव्हती. ती वाट बाईंनी स्वतः उघडून दिली.

त्याच मुक्कामात जावई मला रोझेल गावात घेऊन गेले, गाडीने अर्धा तास. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या त्या तिथल्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे. या बाईंनी एका मिशनरी मासिकात छापून आलेलं गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि ओळखपाळख नसताना आनंदीबाईंना पत्र घातलं. पत्रं झाली, हो-नाही झालं, आणि मग घराचं दार उघडलं. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. १८८७मध्ये त्या पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवण्यात आली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परक्या मुलीला याहून जास्त आपलं कसं मानायचं? मी ३१ वर्षं वर्गात आनंदीबाई शिकवल्या, पण कार्पेंटरबाईंवर चार वाक्यं कधी बोलले नाही, याची तिथे लाज वाटली.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या होत्या. पुढे १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. बायका आपणहून मंडळं काढून केवढी कामं उभी करतात याचं त्यांनी कौतुक केलं, आणि कृष्णवर्णीयांना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही झाकून ठेवली नाही. परका देश पाहावा तर असा.

आता हे सगळं आजच का आठवलं, तर २०२१ साली हे गेले. तेव्हापासून मी एकटी राहते. लेक अमेरिकेला ये म्हणते, पुतण्या पुण्याला बोलावतो. मला माझं घर, माझी वाचनाची खुर्ची, कोपऱ्यावरचा भाजीवाला सोडवत नाही. आणि आपल्यातलेच काहीजण लेकीला फोन करून सांगतात, "आईला एकटं टाकलंस." ती रडते. हे वाचणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे, असं बोलू नका. तिने विचारलं होतं, मीच नाही म्हटलं. शेजारच्या त्या बाईंचं वाक्य माझ्या तोंडी आलं, तेव्हा कुठे ते मला खरं वाटलं.

किल्ली खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंकडे दिली आहे. साडेसातला दाराची दुधाची पिशवी उचललेली नसेल तर त्या वर येतात. आधी फोनबिन काही नाही, तेवढं मी सांगलीचंच ठेवलंय.

तर बाळा, तिथे कुणी "नको" म्हणालं तर नकोच समज. तुला हवं असेल तर पहिल्यांदाच "हो" म्हण, उपाशी राहशील नाहीतर. आणि शेजाऱ्याचा पडदा उघडलेला दिसला नाही, तर खुशाल दार वाजव. ते रागावले तर माझं नाव सांग.