दिवा लागला, म्हणजे काम झालं?

रमजानच्या आधी घर धुऊनपुसून काढायची आमच्याकडे पद्धत आहे. यंदा अम्मीने स्वयंपाकघरातलं बटण बंद केलं, बल्ब काढला आणि ओल्या फडक्याने होल्डर पुसायला घेतला. पुढच्या क्षणी ती स्टुलाखाली होती. मनगट सुजलं, बाकी अल्लाहची मेहरबानी. "बटण बंद केलं होतं रे," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी मनात म्हटलं, वय झालं, विसरली असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. रत्नागिरीच्या आसपास घरोघरी वायरिंगची कामं करतो. त्याने बटण बंद ठेवूनच होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. "सर, अम्मी बरोबर बोलतात. बटण न्यूट्रलवर टाकलंय."

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. त्यामुळे हे मला त्याच्याकडून समजून घ्यावं लागलं. घरातलं साधं बटण दोनपैकी एकच वायर तोडतं. ती वायर फेजची असली पाहिजे, कारण २३० व्होल्ट तिच्यातून येतात. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत करंट पोचलेलाच असतो. आपण बंद बटण पाहून निर्धास्त हात घालतो. आणि गंमत अशी, खरं तर गंमत कसली, की दोन्ही प्रकारे दिवा अगदी सारखाच लागतो.

हे काम ज्याने केलं त्याला दोन वर्षांपूर्वी मीच आणलं होतं. तिघांना विचारलं, सगळ्यात कमी भाव त्याचा. तासाभरात पॉइंट काढून दिला, मी बटण दाबून पाहिलं, दिवा लागला, पैसे दिले. वर शेजाऱ्यांना त्याचं नावही सुचवलं! त्याने असं का केलं असेल, असं मी या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दोन वायरी दिसल्या, एक बटणात घातली. दिवा लागला. तुम्ही तेवढंच बघणार होतात ना, सर?"

याच मुलाने मग घरातले सगळे बोर्ड उघडून तपासायचे नऊशे रुपये सांगितले, तेव्हा मी काय केलं? पाचशेवर आणायला बघितलं. पोरगं बिल वाढवतंय, असंच डोक्यात आलं. अम्मीचं मनगट समोर बांधलेलं होतं, तरीही. नवीन बटण दिसतं, म्हणून त्याचे पैसे द्यायला आपला हात आखडत नाही. तपासणी दिसत नाही, तिची घासाघीस करतो. शिकवणीच्या फीबद्दल पालक हेच करतात तेव्हा मात्र आम्हा शिक्षकांना राग येतो.

नऊ बोर्डांपैकी आणखी दोन तसेच निघाले. फ्रिजच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती, म्हणजे अर्थिंग नाही. बोर्डातल्या वायरींच्या रंगावरही त्याने विश्वास ठेवला नाही. फेज लाल-पिवळी-निळी, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी असं ठरलेलं असतं खरं, पण आधीच्या माणसाने बंडलात उरलेली कुठलीही वायर ओढलेली असू शकते. न्हाणीघरात गीझर सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालला होता. सोळाचा हवा. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं आणि आम्ही ते मळ समजून पुसत होतो.

मी म्हटलं, "एमसीबी आहे ना आपल्याकडे?" बहुतेकांचा हाच समज आहे. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटला पडतो. माणसाचा जीव जायला जेवढा करंट पुरतो तेवढ्याने तो हलतही नाही. त्यासाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि तो मिक्सरच्या किमतीच्या आत मिळतो.

कायद्याचं म्हणाल तर १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमानुसार वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हायला हवं होतं. दिवा, पंखा, फ्यूज, बटण नुसतं बदलायला सूट होती. २०१० च्या नियमावलीनेही ही सूट ठेवली. सूट योग्यच आहे, एका बटणासाठी कोण कंत्राटदार शोधणार? पण व्यवहारात 'जरा बटण बघ' म्हणून बोलावलेला माणूस जाता जाता पॉइंट वाढवतो, गीझर जोडतो, आणि आपण त्याला परवाना सोडाच, कुठे शिकलास हेही विचारत नाही.

तेही मी विचारलं. तो उस्तादाच्या हाताखाली शिकलाय, आयटीआय केलेलं नाही. हात चोख, कागद नाही. आठवी पासवरही वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड करता येतो, हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणजे मी. नववी-दहावीच्या वर्गात मी डॉक्टर, इंजिनिअर, बीएड यांवर बोललो, आयटीआय हा शब्द बहुतेक नापासांना समजावतानाच काढला. आता तो आखातात जायचं म्हणतो. तिथल्या कामासाठी मुंबईत ट्रेड टेस्ट द्यावी लागते. हाताने तो पास होईल, पण सर्टिफिकेटवाल्याला पगार जास्त असतो हे त्याला पक्कं माहीत आहे. आमच्याकडची किती तरी मुलं अशीच वायर जोडायला लागतात, हातमोज्यांशिवाय आणि कधी कधी मेन बंद न करता, कारण मेन बंद केला की घरवाले टीव्हीसाठी ओरडतात. मीही ओरडलोय.

आता कुणालाही बोलावलं की मी तीन गोष्टी करतो. मेन बंद करूनच काम कर म्हणतो. बटण फेजवर आहे आणि अर्थिंग जोडलंय हे जाण्याआधी तपासून मला दाखवायला लावतो. बटण-सॉकेट आयएसआय मार्क पाहून स्वतः आणतो. जाणत्या माणसाला याचा राग येत नाही. दुसरे एकजण मात्र "इतना भरोसा नहीं तो बुलाया क्यूँ?" म्हणून पिशवी उचलून निघून गेले. जाऊ दिलं.

नऊशे रुपये पूर्ण दिले, त्याच संध्याकाळी. न्हाणीघरासाठी मेनपासून वेगळी जाड वायर ओढायची आहे. ते काम परवानाधारक कंत्राटदाराच्या नावावर होईल आणि हा त्याच्या हाताखाली करील, असं ठरलंय. रविवारी दोघे येतात. आरसीसीबी मी आणून ठेवलाय, आणि कपाटात त्याच्या शेजारी आयटीआयच्या प्रवेशाची माहिती छापून ठेवली आहे. वय पंचवीस झालं, आता कसला प्रवेश, असं तो म्हणेल. बघू.